नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत

'साठीनंतर रंकाळा तलावाला रोज एक फेरी मारली की झालं, बाकी कशाची गरज नाही' असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मं पटलं. आमचे आबा वर्षानुवर्षं नेमानं फिरायचे. दम चांगला, पण खुर्चीतून उठताना हात टेकल्याशिवाय जमेना. सपाटीवर चालून मांड्यांना फारसा ताण पडत नाही, आणि उठाबशीला तर त्याच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेत.

फिजिओथेरपिस्टनं दिलेला व्यायाम अगदी साधा. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घ्यायचे आणि सावकाश उठायचं-बसायचं, ५ वेळा. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवली. धप्पकन बसायचं नाही. हळू खाली येण्यातच खरी मेहनत आहे. आबा जुने तालमीतले, "ह्या काय बैठका म्हणायच्या?" म्हणून हसले, आणि तिसऱ्यालाच मांड्या थरथरल्या! आता १० होतात. शिवाय चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभे राहतात. त्या नादात चहा दोनदा उतू गेलाय, ते सोडा. गुडघा बदललेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.