नव्या संहितेत पीडिताला नेमके कोणते हक्क मिळाले, आणि मुंबईत ते मागायचे कसे?

गिरगावकर_वाचक

लोकसभेने २० डिसेंबर २०२३ ला आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता मंजूर केली. सरकारचं म्हणणं होतं की भर आता दंडावर नाही, न्यायावर आहे आणि पीडित केंद्रस्थानी आला आहे. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, त्यामुळे कलमवार खोदून विचारणारे फार थोडे उरले होते. म्हणून इथे विचारतो. समजा मारहाणीत एखाद्याला कायमचं अपंगत्व आलंय, गुन्हा मुंबईत दाखल आहे आणि आरोपी त्याच गल्लीतला आहे. तपास कुठवर आला हे कळायचा त्याला हक्क आहे का? जामिनाच्या वेळी बोलता येतं का? उपचाराचे पैसे निकालाआधी मिळतात का? कलम सांगा, आणि करायचं काय तेही सांगा.

फोर्ट_फौजदारी

यातलं बरंचसं नवं नाही. ‘पीडित’ची व्याख्या, सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील, भरपाई योजना आणि अपिलाचा हक्क हे सगळं ३१ डिसेंबर २००९ पासून जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) होतं. नव्याने आलेल्या तीन गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. कलम १९३(३) प्रमाणे पोलिसांनी ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची. कलम २३० प्रमाणे आरोपपत्राची प्रत पीडितालाही द्यायची. आणि कलम ३६० प्रमाणे सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही.

ग्यानबाची मेख कलम २३० मध्ये आहे. प्रत मिळते ती ‘वकिलामार्फत हजर असलेल्या’ पीडिताला. वकीलपत्र रेकॉर्डवर नसेल तर प्रती आरोपीला मिळतात आणि पीडित हात हलवत परत येतो. म्हणून आरोपपत्र दाखल होण्याची वाट न बघता वकीलपत्र आधीच लावा.

कलम १९३ ची अडचण वेगळी आहे. पोलिसांनी कळवलं नाही तर पुढे काय, हे त्यात लिहिलेलंच नाही. तोंडी चौकशीला ‘तपास चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. एका पानाचा अर्ज करा. वर गु.र.क्र. (गुन्हा रजिस्टर क्रमांक) आणि कलमं, खाली एवढंच: ‘कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती लेखी अथवा ईमेलने कळवावी.’ दोन प्रती न्या, दुसरीवर ठाण्याचा आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघू नका. उत्तर नाही आलं तर तोच अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे. तरीही हालचाल नसेल तर शिक्क्याची प्रत जोडून दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करा. तपास नीट होतोय की नाही यावर लक्ष ठेवायचा अधिकार त्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने साकिरी वासू प्रकरणात २००७ सालीच सांगितलंय (तेव्हा ते कलम १५६(३) होतं).

आणखी एक. नवी संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, त्याआधीच सुरू असलेले तपास आणि खटले जुन्या सीआरपीसीनेच चालतात. अर्जात चुकीचं कलम टाकलं की समोरची बाजू पहिला आक्षेप तिथेच घेते.

दिंडोशी_सेशन्स

जामिनाबद्दल. सरसकट प्रत्येक पीडिताला नोटीस द्यावी असं संहितेत कुठेच नाही. १६ वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारासारख्या गुन्ह्यांत फिर्यादीची हजेरी बंधनकारक आहे, आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्ये नोटीस आहे. बाकीच्यांचा आधार म्हणजे लखीमपूर खेरी प्रकरणातला एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या सुनावणीतसुद्धा, पीडिताला ऐकून घेतलं पाहिजे असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

पण ऐकवायला तारीख कळली पाहिजे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. जामीन अर्जाचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) मूळ खटल्यापेक्षा वेगळा असतो. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर आरोपीच्या नावाने शोधा, पोलीस कोठडी संपायच्या सुमारास तर रोज बघा. मग वकिलामार्फत हस्तक्षेप अर्ज द्या आणि त्याची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) झाली का ते पाहा. अर्जात गुन्हा किती भयंकर होता याचं वर्णन नको, ते सरकारी वकिलाच्या ‘से’मध्ये (लेखी म्हणण्यात) येतंच. तुम्ही लिहा आरोपी किती अंतरावर राहतो, कोणत्या तारखेला कुणाला धमकावलं, त्याची तक्रार कधी दिली. आणि जामीन झालाच तर अट मागा, म्हणजे साक्षी होईपर्यंत त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्यांना जामिनाला विरोध करण्यापेक्षा ही अट जास्त उपयोगी पडते. धोका खरा असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली वेगळा अर्ज होतो.

विधी_स्वयंसेवक_परळ

पैशांचं. कलम ३९७ मधला मोफत उपचार बलात्कार, पॉक्सो आणि ॲसिड हल्ल्यासाठी आहे, मारहाणीसाठी नाही. तुमच्या उदाहरणात कलम ३९६, म्हणजे पीडित भरपाई योजनेचं कलम, लागतं. त्यात अंतरिम मदतीची सोय आहे, पण पोलीस ठाण्याचे प्रभारी किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मुंबई शहर आणि उपनगर यांची प्राधिकरणं वेगळी आहेत, पोलीस ठाण्याची हद्द बघून जा. आरोपी सापडलाच नसेल तरी अर्ज करता येतो. चौकशी करून दोन महिन्यांत निर्णय द्यावा असं कलमातच आहे.

सोबत एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते), केईएम-सायनसारख्या रुग्णालयातले एमएलसीचे (पोलीस केस म्हणून झालेल्या वैद्यकीय नोंदीचे) कागद, डिस्चार्ज कार्ड, खर्चाची मूळ बिलं आणि अपंगत्वाचा दाखला. टक्केवारी नसलेला दाखला नेऊ नका. बँक खातं पूर्ण केवायसीचं हवं. ‘स्मॉल अकाउंट’मध्ये ५० हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, त्यामुळे मंजूर रक्कम अडकते. बाई, लहान मूल किंवा अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल तर उत्पन्न न बघता वकीलही तिथूनच मोफत मिळतो.

फोर्ट_फौजदारी

वकील मिळाला म्हणून त्याच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. रेखा मुरारका प्रकरणात २०१९ साली ठरलंय की पीडिताचा वकील स्वतः उलटतपासणी घेऊ शकत नाही. त्याने प्रश्न लिहून सरकारी वकिलाला द्यायचे. पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद मात्र कोर्टाच्या परवानगीने देता येतो.

अपिलाचंही तसंच. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई तोकडी मिळाली तर कलम ४१३ खाली पीडित स्वतः जाऊ शकतो. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावरून जाता येत नाही, ते अपील सरकारनेच करायचं. त्या कलमात पीडितासाठी मुदत लिहिलेली नाही आणि यावर पुढे वाद होतात, म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका.

गिरगावकर_वाचक

म्हणजे संसदेने हक्क दिला, पण तो मोडला तर काय हे सांगितलं नाही?

दिंडोशी_सेशन्स

९० दिवसांच्या बाबतीत तरी तसंच. कॅनडाने २०१५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाच केला, तरी हक्क डावलला म्हणून नुकसानभरपाईचा दावा करता येणार नाही असं त्यातच लिहून ठेवलंय. आपल्याकडे निदान दंडाधिकाऱ्यांचा दरवाजा आहे. तिकडे जाताना शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स न्या आणि मूळ शिक्क्याची प्रत घरी ठेवा.