फ्रॉगमोरची दुग्धशाला : शोभा की उपयोग?

प्रश्न – टिळकवाडीकर
इंग्लंडमध्ये विंडसरजवळ फ्रॉगमोर येथे राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये उभारलेल्या शाही दुग्धशालेची छायाचित्रे पाहिली. मिंटन या इंग्रज कारखान्याच्या रंगीत फरशांनी मढवलेल्या भिंती, संगमरवरी मेजे, कारंजी आणि राणीच्या मुलांच्या मुखप्रतिमा हे सारे दुधासाठी होते की पाहुण्यांसाठी? आपल्या निपाणी-खानापूरकडील वाड्यांत गोठा असतो, मग दुधासाठी वेगळी वास्तू का नसते?

उत्तर – कौलारू
दोन्हींसाठी होते. तिकडे दूध न तापवता पसरट भांड्यांत ओतून साय आपोआप वर येईपर्यंत कित्येक तास स्थिर ठेवत असत, आणि तेवढ्या वेळात ते नासू नये म्हणून खोली थंड असणे अपरिहार्य होते. फ्रॉगमोरच्या पोकळ भिंती, दुहेरी खिडक्या आणि संगमरवर यांचे काम तेच आहे. झिलईदार फरशी पुसली की स्वच्छ होते, तर सांडलेले दूध मुरलेली भिंत आंबूस वास सोडत राहते. म्हणून तेथील नक्षी उपयोगाच्याच पृष्ठभागावर चढलेली आहे, आणि हीच त्या वास्तूची थोरवी, असे मला वाटते.

उत्तर – जुना दगड
सर्वच शोभेच्या दुग्धशालांना हे लागू करू नये. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने राणी मारी आंत्वानेतसाठी रांबुये येथे बांधवलेल्या दुग्धशालेत घुमटाखालची गोल खोली दूध चाखण्यासाठी होती आणि आतल्या दालनात कृत्रिम गुहेत शिल्पकार पिएर ज्युलियँ यांनी घडवलेली, ग्रीक पुराणात बाल झ्यूसला शेळीच्या दुधावर वाढवणाऱ्या अमाल्थियाची मूर्ती होती. तिथे वास्तू राणीच्या विहारासाठी होती, दूध केवळ निमित्त.

उत्तर – मलप्रभाकाठ
वाड्यांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या चुलीत आहे. आपण दूध आधी तापवतो, साय त्यावर धरते, आणि विरजणाला थंडावा नव्हे, ऊब लागते. त्यामुळे दुधाची जागा स्वयंपाकघरातच ठरली आणि मांजरापासून राखायला शिंके पुरले. आज कोणी शेतघरात दूधखोली बांधणार असेल, तर जांभा उघडा ठेवू नये, कारण तो सच्छिद्र असतो. आतून गुळगुळीत फरशी लावून उतार मोरीकडे द्यावा. कारंज्याच्या गारव्यावर मात्र विसंबू नये. चैत्र-वैशाखात कोरड्या हवेत पाणी उडून जाताना खोली निवते, पण खानापूरच्या आषाढात हवाच ओलीचिंब असते, तेव्हा त्याच पाण्याने भिंतींना बुरशी धरेल. जाड भिंत, उत्तरेकडची खिडकी आणि छपराखाली वारा खेळता राहील अशी मोकळी जागा यांवर खर्च करावा.