शिडाच्या होडीची वही: काय लिहावं, कसं लिहावं? (सल्ला हवा)

अर्धीहोडी
नमस्कार मंडळी. मी दादरची, वय 43. ऑक्टोबरपासून कुलाब्याला शिडाची होडी शिकते आहे. एंटरप्राइज जातीची, जेमतेम 13 फुटी, दोघींची. मैत्रीण पुढे, मी सुकाणूवर. प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहिते. परवा सगळी वही सलग वाचली आणि लाज वाटली. नुसते सूर्यास्त! 'गेटवे सोन्याने न्हाऊन निघालं' हे वाक्य चार वेळा आलंय. आणि ज्या दिवशी खरोखर पाचावर धारण बसली (संध्याकाळी वारा पडला, होडी आपसूक प्राँग्ज दीपगृहाकडे वाहत निघाली, शेवटी मोटारबोटीने ओढून आणलं), त्या दिवशीची नोंद: 'थरारक अनुभव. नंतर वडापाव.'
वही बरी की मोबाइलचं ॲप? नेमकं काय टिपायचं? आणि कधी?

चहाबाज
वडापावची नोंद मात्र चोख आहे. चटणी कोणती तेही लिहीत जा.

जुनाखलाशी
दोन्ही ठेवा. ॲप तुमच्या वाटेची रेषा काढून देतं, वेगही सांगतं. पण तिथे का वळलात, ते तुम्हीच लिहायचं. पाण्यावर पेन नको, शाई पसरते. शिसपेन्सिल आणि खिशात मावेल एवढी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत. निघण्याआधी चार गोष्टी: भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची उंची, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर. जोर मोजायला यंत्र लागत नाही. लाटांवर फेसाचे तुरळक शेंडे दिसले तर 7 ते 10 नॉट (ताशी सागरी मैल), जिकडेतिकडे दिसू लागले की 11 ते 16. नवशिक्यांनी दुसऱ्या प्रकारात धक्क्यावर बसून चहा प्यावा.
बाकीचं परत आल्यावर, होडी धुवायच्या आधी लिहा. घरी पोचेपर्यंत माणूस स्वतःची चूक विसरतो, ही माझी तीस वर्षांची खात्री आहे. फोटो काढताना कॅमेरा नौदलाच्या गोदीकडे वळवू नका, उगाच भानगड.

तांडेलाचा_नातू
ताई, वाहत गेलात त्या दिवशी तिथी काय होती?

अर्धीहोडी
तिथी? थांबा, कॅलेंडर बघते. पौर्णिमेनंतरची द्वितीया. पण तिथीचा काय संबंध?

तांडेलाचा_नातू
सगळाच. आमचे आजोबा वेळापत्रक कधी बघत नसत. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येनंतर परत एकपासून मोजायचं. द्वितीयेला दीड. म्हणजे दुपारी दीडला पाणी भरलं आणि साडेसातपर्यंत उतरत राहिलं. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का. त्यात उधाणाचे दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी. तेव्हा मुंबईत पाणी चार मीटरसुद्धा उतरतं, आणि ते सारखं उतरत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन, एक. चार मीटर धरले तर मधल्या दोन तासांत तासाला एक मीटर! तुम्ही किती वाजता निघालात?

अर्धीहोडी
चारला. दक्षिणेकडे. होडी काय सुसाट पळत होती! मला वाटलं, मला जमायला लागलं.

तांडेलाचा_नातू
ती ओहोटी पळत होती, ताई. साडेतीन ते साडेपाच तिचा जोर. सूर्य कलला की खारा वारा मरतो. हातात वारा नाही, खाली पाणी बाहेर चाललेलं. मोटारबोट नसती तर नांगर टाकून साडेसातपर्यंत बसायचं होतं. होता ना नांगर?

अर्धीहोडी
नव्हता.

जुनाखलाशी
हे लिहा वहीत. पहिल्या पानावर.

दर्याकिनारा
जरा वेगळं मत. नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. तसल्या सफरीत तासातासाची नोंद हवीच. आपल्या दोन तासांच्या फेरीचा बँकेच्या पासबुकासारखा हिशेब कशाला? उजव्या पानावर आकडे, डावं पान मोकळं ठेवा. तिथे सूर्यास्त, मैत्रिणीशी झालेलं भांडण, काय ते. मी पाच वर्षं असंच करतो. डाव्या पानावर 'आज पाणी उभं राहिलं' (म्हणजे आखूड, उभ्या लाटा) असं पाचसहा वेळा सापडलं, म्हणून उजवी पानं ताडून पाहिली. दर वेळी वायव्येचा वारा आणि आत चढणारी भरती समोरासमोर. आता तशी दुपार असली की कोरडे कपडे सोबत घेतो.

अर्धीहोडी
सर्वांचे आभार. नांगर आणि दोरी घेतली. कालची नोंद, नव्या पद्धतीने:
'शुद्ध अष्टमी, भांग (उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी कमी). भरती साधारण सहाला. अडीचला निघालो, पाच वाजता परत. फेस तुरळक. वळताना शीड वेळेवर सोडलं नाही, मैत्रीण भिजली, बोलत नाहीये. डावं पान: सूर्यास्त (एकच ओळ).'
जमलं का?

तांडेलाचा_नातू
वाऱ्याची दिशा राहिली.

चहाबाज
आणि वडापाव.