पत्र्याच्या कामासाठी कॅड शिकायचे आहे : सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरपासून करावी?

प्रश्न : वाठोडा, नागपूर

नमस्कार. माझ्या बाबांचा वाठोड्याला पत्र्याच्या कामाचा छोटा कारखाना आहे. तिथे डेझर्ट कूलरच्या बॉडी, विजेच्या पॅनेलचे डबे आणि दुकानांसाठी रॅक तयार होतात. आजवर सगळे काम नमुन्यावरून चालत आले आहे. जुना डबा समोर ठेवायचा, टेपने मापे घ्यायची, पत्र्यावर सुईने आखायचे आणि कापायचे. कूलरचे काम होळीच्या आधी सुरू होते आणि पाऊस पडला की थांबते, म्हणून उरलेल्या महिन्यांसाठी पॅनेलच्या डब्यांचे काम वाढवावे असा आमचा विचार आहे. परंतु बुटीबोरीकडचे ग्राहक ड्रॉइंग पाठवतात आणि आमच्याकडूनही ड्रॉइंगचीच अपेक्षा ठेवतात, तर लेझर कटिंग करून देणारे सरळ ‘डीएक्सएफ फाइल (मशीनला वाचता येणारी ड्रॉइंगची फाइल) घेऊन या’ असे सांगतात.

माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंत झाले आहे. संगणक रोजच्या वापरात आहे, मात्र शाळेतील भूमितीच्या पुढे रेखाटनाचा अभ्यास झालेला नाही. कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करण्याच्या, सॉफ्टवेअरची ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, फ्यूजन, फ्रीकॅड अशी नावे ऐकून गोंधळ उडाला आहे. आमच्यासारख्या कामाला यांपैकी नेमके काय शिकावे, त्यासाठी क्लास लावणे आवश्यक आहे का, आणि बाबा व कारागीर फूट, इंच व सुतात बोलत असताना मी ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये करावे की इंचात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद : ड्राफ्ट्समन, हिंगणा एमआयडीसी

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्र्याच्या कामात सर्वाधिक नुकसान तिथेच होते. ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच करावे आणि कारखान्यात हळूहळू तीच सवय लावावी. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. बाबांनी ‘दोन फूट तीन इंच पाच सूत’ सांगितले तर ते ७०१.६७५ मिलिमीटर होतात. पण पॅनेलचा डबा ग्राहकाच्या ड्रॉइंगनुसार ७०० चा हवा असेल, तर हा पावणेदोन मिलिमीटरचा फरक दरवाजा बसवताना उघडा पडतो. टेपच्या दोन्ही कडांना दोन मोजमापे असतात. कारागिरांनी फक्त मिलिमीटरची कड वाचायची, एवढे ठरवले तरी निम्मे काम झाले.

पत्र्याच्या जाडीचेही तसेच आहे. इतवारीच्या लोहा ओळीत आपण ‘बावीस गेज’ म्हणून पत्रा मागतो, पण ब्रिटिश पद्धतीच्या गेजमध्ये २२ म्हणजे ०.७११ मिलिमीटर आणि अमेरिकेतील गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या तक्त्यात तेच २२ म्हणजे ०.८५३ मिलिमीटर. ड्रॉइंगवर गेजचा आकडा लिहून भागत नाही. मायक्रोमीटरने जाडी मोजावी आणि ती मिलिमीटरमध्ये लिहावी.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी ड्रॉइंग वाचायला शिका, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या ड्रॉइंगविषयीच्या पुस्तिकेनुसार प्रथम कोन प्रक्षेपण (दृश्ये कागदावर मांडण्याची एक पद्धत) वापरतात. त्यात वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकी पद्धतीच्या तृतीय कोनात तेच वर येते. परदेशी कंपनीचे ड्रॉइंग घेऊन आलेला ग्राहक कोणत्या पद्धतीत बोलतो आहे, हे शीर्षक-चौकटीतील छाटलेल्या शंकूच्या चिन्हावरून कळते. ते चिन्ह न पाहता काम सुरू केले, तर केबलची छिद्रे डब्याच्या उलट्या बाजूला पडू शकतात आणि मग तो डबा भंगारातच जातो.

आता सॉफ्टवेअर. लेझरला लागते ती सपाट, द्विमितीय आकृती. तेवढ्यासाठी लिब्रेकॅड पुरेसे आहे; ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते आणि डीएक्सएफ हे त्याचे मूळ स्वरूपच आहे. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल त्यात उघडता येते, मात्र प्रत्येक आवृत्तीची फाइल नीट उघडेल याची खात्री धरू नये. ऑटोकॅड १९८२ पासून बाजारात असल्याने बहुतेक कार्यालयांत तेच दिसते. परंतु रेषा, वर्तुळ, ऑफसेट (समांतर रेषा काढणे), ट्रिम (जादा रेषा छाटणे), लेयर (रेषांचे वेगवेगळे थर) आणि मापे देणे या गोष्टी एका ठिकाणी हाताला बसल्या की दुसरीकडे त्या पुन्हा मुळापासून शिकाव्या लागत नाहीत.

काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आकृती नेहमी खऱ्या मापात काढावी. कागदावर मावावी म्हणून ती लहान करणे हे छपाईच्या वेळचे काम आहे. रेषा माऊसने अंदाजे ओढू नये, लांबी कीबोर्डवरून टाकावी. एका बिंदूपासून उजवीकडे ३०० मिलिमीटर जायचे असेल तर ॲटचे चिन्ह (@) देऊन ‘३००, ०’ लिहायचे, आणि पुढची रेषा आधीच्या रेषेच्या टोकाला स्नॅपनेच (नेमका बिंदू पकडून देणाऱ्या सोयीने) पकडायची. डोळ्यांना जुळलेली दिसणारी दोन टोके प्रत्यक्षात ०.०५ मिलिमीटर दूर असली, तरी लेझरचे सॉफ्टवेअर त्या आकृतीला बंद आकृती मानेलच असे नाही.

फाइल कटिंगला देताना तीत फक्त कापायच्या रेषा असाव्यात. मापे, शीर्षक-चौकट आणि मध्यरेषा काढून टाकाव्यात. बेंडच्या, म्हणजे पत्रा दुमडण्याच्या, रेषा वेगळ्या लेयरवर ठेवाव्यात आणि तो लेयर कापायचा नाही हे स्पष्ट कळवावे. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा शोधून पुसाव्यात, कारण मशीन त्या दोनदा कापते. आणखी एक काळजी अवश्य घ्यावी : डीएक्सएफमधील आकड्यांना मिलिमीटर समजायचे की इंच, हे समोरचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ठरवू शकते, आणि तसे झाले तर आकृती २५.४ पट मोठी किंवा लहान होते. म्हणून फाइलबरोबर ‘बाहेरील माप ३७६.५ बाय २५० मिलिमीटर’ असे वाक्य प्रत्येक वेळी लिहून पाठवावे.

प्रतिसाद : मेकॅनिकल डिझाइन अभियंता, त्रिमूर्ती नगर

वरील प्रतिसादातील शिस्तीबद्दलचा प्रत्येक शब्द मला मान्य आहे. द्विमितीपासून सुरुवात करण्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. आपले काम दुमडलेल्या पत्र्याचे आहे, आणि दुमडलेल्या पत्र्याची सपाट आकृती हाताने काढताना बेंडचा हिशेब प्रत्येक वेळी स्वतः करावा लागतो. नवशिक्याची चूक नेमकी तिथेच होते.

एक उदाहरण घेऊ. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा ट्रे करायचा आहे. बाहेरून रुंदी ३०० आणि दोन्ही बाजूंना ४०-४० मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या. साध्या बेरजेने सपाट पत्रा ३८० चा येतो. परंतु दुमडताना बेंडच्या बाहेरच्या अंगाला पत्रा ताणला जातो आणि आतल्या अंगाला दाबला जातो, त्यामुळे बाहेरून घेतलेली मापे जशीच्या तशी मिळवून चालत नाही. मधला एक थर मात्र ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही; तो आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या भागावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. बेंडची आतली त्रिज्या एक मिलिमीटर आणि के-फॅक्टर ०.४४ धरला, तर ९० अंशांच्या एका बेंडमागे सुमारे १.७४ मिलिमीटर वजा करावे लागतात. दोन बेंडचे झाले जवळपास साडेतीन, म्हणजे सपाट पत्रा ३७६.५ चा हवा. पत्रा ३८० चाच कापला, तर ट्रेची रुंदी तरी वाढते किंवा पट्ट्यांची उंची तरी, आणि झाकण बसत नाही. आपले जुने कारागीर हे अनुभवाने जाणतात आणि आखतानाच ‘दोन दोरे कमी’ धरतात. ते ज्ञान आता आकड्यांत आणायचे आहे.

म्हणून फ्रीकॅड घ्यावे असे मी सुचवीन. ते विनामूल्य आणि मुक्त आहे, धंद्याच्या कामाला वापरण्यास त्याच्या परवान्यात कोणतीही आडकाठी नाही, आणि त्यात शीटमेटल नावाचे जोड-साधन बसवले की आपण दुमडलेला डबा तयार करायचा आणि सपाट पत्रा सॉफ्टवेअरने उलगडून द्यायचा, असे काम होते. आवृत्ती १.० किंवा तिच्या पुढचीच घ्यावी. १.० ही नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत सुरुवातीचे एखादे माप बदलले की त्यावर आधारलेले पुढचे भाग मोडून पडत; १.० मध्ये तो त्रास बराच आटोक्यात आला आहे. इंटरनेटवरील जुने व्हिडिओ पाहताना हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांतील पडदाही वेगळा दिसतो आणि तेव्हाच्या अडचणींवर शिकवलेल्या पळवाटाही आता अनावश्यक आहेत.

फ्रीकॅडमध्ये पहिले काही दिवस केवळ स्केचर या विभागात घालवावेत. आयत काढला की त्याच्या रेषा पांढऱ्या दिसतात आणि चार मोकळीकी शिल्लक असल्याचे सॉफ्टवेअर सांगते : रुंदी ठरलेली नाही, उंची ठरलेली नाही, आणि आयत आडव्या व उभ्या दिशेने अजून कुठेही सरकू शकतो. रुंदी आणि उंची द्या, एक कोपरा मूळबिंदूला बांधा. मोकळीकी संपतात आणि आकृती हिरवी होते. हिरवी झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. कॅड शिकणे याचा माझ्या मते खरा अर्थ हाच आहे : वस्तूचे कोणते माप कशावर अवलंबून आहे, हे आधी ठरवायला शिकणे. डब्याच्या कडेपासून बिजागरीचे छिद्र नेहमी २५ मिलिमीटरवर हवे असेल, तर ते अंतर कडेशीच बांधावे. डबा उद्या लांब झाला तरी छिद्र आपल्या जागी राहील. कूलरच्या बॉडीसाठी याचा लाभ फार मोठा आहे. रुंदी, खोली आणि उंची एका स्प्रेडशीटमध्ये ठेवून मॉडेल त्या आकड्यांना जोडले, की लहान कूलरचे ड्रॉइंग मोठ्या कूलरसाठी पुन्हा काढावे लागत नाही.

संगणकाबद्दल : १६ जीबी रॅम असावी, महागडे ग्राफिक्स कार्ड सुरुवातीला लागत नाही, पण चाकाचा माऊस मात्र हवाच. लॅपटॉपच्या टचपॅडवर कॅड शिकू नये.

प्रतिसाद : आयटीआय निदेशक (निवृत्त), नागपूर

क्लासबद्दल आपण विचारले आहे म्हणून लिहितो. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. नोकरी करायची असेल, तर त्याला तोड नाही. घरचा कारखाना सांभाळणाऱ्याला एवढा वेळ निघणे कठीण आहे. खासगी क्लास लावणार असाल, तर पैसे भरण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी : ‘मी माझ्या कारखान्यातील डबा घेऊन आलो, तर त्याचे ड्रॉइंग तुम्ही माझ्याकडून करून घ्याल का?’ उत्तर होकारार्थी असेल तर तिथे जावे. आदेशांची यादी पाठ करून घेणारे आणि छापील पुस्तकातील तेच ते फ्लँज गिरवून घेणारे वर्ग आपल्या उपयोगाचे नाहीत.

दुसरी गोष्ट परवान्याची. फ्यूजनची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती धंद्यासाठी नाही. ऑनशेप या आणखी एका कॅड सॉफ्टवेअरची मोफत आवृत्तीही धंद्यासाठी नाही, आणि तीत केलेले काम जगाला खुले राहते. ग्राहकाचे ड्रॉइंग तिथे ठेवणे हा त्याचा विश्वासघात ठरेल. ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवाना पात्र विद्यार्थी व शिक्षकांसाठीच आहे. ‘क्रॅक’ केलेली प्रत कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिली तरी घेऊ नये; बाबांनी कमावलेले नाव तिच्यापायी पणाला लावू नका.

वरच्या दोघांच्या मतभेदाबद्दल माझे मत असे की, पहिला महिना कागद, पेन्सिल आणि व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) घेऊन कारखान्यातील वस्तूंची हाताने रेखाचित्रे काढावीत. समोरून, वरून, बाजूने. ज्याला हाताने तीन दृश्ये काढता येतात, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर अडवत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फ्रीकॅड घ्यायचे आणि त्याच्या बरोबरीने रोज एका वस्तूचे हाताने रेखाचित्र काढायचे, असे ठरवले आहे. एक शंका उरली आहे. के-फॅक्टर ०.४४ हा आकडा आमच्या बेंडिंग मशीनला लागू पडेल हे कसे समजावे? आमचे मशीन जुने असून त्यासोबत कोणताही तक्ता नाही.

प्रतिसाद : मेकॅनिकल डिझाइन अभियंता, त्रिमूर्ती नगर

तक्त्याची गरज नाही, तो आपल्याच पत्र्यावरून तयार होतो. ज्या पत्र्याचे काम करायचे आहे त्याच पत्र्याची नेमकी १०० मिलिमीटर लांबीची पट्टी कापून घ्यावी आणि लांबी व्हर्नियरने पुन्हा तपासावी. मध्यावर ९० अंशात दुमडावी, कोन गुण्याने पाहावा, आणि दोन्ही पायांची बाहेरील मापे घ्यावीत. समजा ती ५१ आणि ५०.७ आली, बेरीज १०१.७, म्हणजे या पत्र्याला, या मशीनवर एका बेंडमागे १.७ मिलिमीटर वजा करायचे. बेंडची आतली त्रिज्या रेडियस गेजने मोजावी. पत्रा एक मिलिमीटरचा असून त्रिज्याही एक आली, तर ४ मधून १.७ वजा करून २.३, त्याला १.५७०८ ने भागून १.४६, आणि त्यातून त्रिज्येचा एक वजा केला की ०.४६ उरतो. तोच आपला के-फॅक्टर. सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा भरावा. जाडी किंवा त्रिज्या वेगळी असेल तर ४ च्या जागी त्रिज्या व जाडीच्या बेरजेची दुप्पट घ्यावी, आणि शेवटच्या उत्तराला जाडीने भागावे.

प्रत्येक जाडीसाठी अशा तीन पट्ट्या दुमडून सरासरी घ्यावी, आणि जीआय (जस्ताचा थर दिलेला), सीआर (थंड स्थितीत लाटलेला) व स्टेनलेस पत्र्यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. प्रेस ब्रेकवर (पंच आणि डायमध्ये पत्रा दाबून दुमडणाऱ्या मशीनवर) काम करत असाल तर खालच्या डायच्या व्ही-खाचेची रुंदीही त्या नोंदीत लिहावी, कारण खाच बदलली की आतली त्रिज्या बदलते आणि चाचणी नव्याने करावी लागते.