बोलून टायपिंगसाठी माईक: टेबलावरचा कंडेन्सर, ब्लूटूथ की वायरचा हेडसेट?

लेखणीबंद
नमस्कार मंडळी. रोज चार-पाच तास मजकूर बोलून टाइप करायचा आहे, बराचसा मराठीत. सध्या लॅपटॉपचाच माईक वापरतो. खोलीत पंखा चालू असतो, भिंती उघड्या, खाली फरशी. शब्द बऱ्यापैकी उमटतात, पण वाक्याच्या शेवटचं ‘आहे’ किंवा ‘नाही’ वारंवार गळतं आणि अर्थच फिरतो. तीन पर्याय समोर आहेत: टेबलावर ठेवायचा यूएसबी कंडेन्सर (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ), ब्लूटूथ इअरफोन आणि वायरचा यूएसबी हेडसेट. कंडेन्सरचे आकडे सगळ्यात भारी दिसतात. ओळख सुधारायला नेमकं काय बघून घ्यावं?

ध्वनिवेध
वायरचा हेडसेट घ्या.

माईकच्या दर्जाआधी तोंडापासूनचं अंतर बघायचं असतं. अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो, पंख्याचा मात्र आहे तेवढाच राहतो. हेडसेटचा माईक ओठांपासून ३ सेंमीवर आणि टेबलावरचा ४८ सेंमीवर धरा. ३, ६, १२, २४, ४८ असं चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे २४ डेसिबलचा फरक पडला. एवढी तूट कितीही भारी माईक घेतला तरी भरून येत नाही.

तुमच्या खोलीत पंख्यापेक्षाही जास्त त्रास घुमण्याचा होणार. पंख्याचा आवाज एकसुरी असतो, ओळखणारं मॉडेल तो बराचसा बाजूला सारतं. भिंतीवरून परतणारा आवाज मात्र तुमचाच असतो. मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पसरते आणि दोन्ही पुसट होतात. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तोवर श्वास संपत आलेला असतो, आवाज पडलेला असतो. त्यावर आधीच्या शब्दाची शेपटी पसरली की ‘आहे’ बुडालंच. माईक तोंडाजवळ आणला की हा घोळ आपोआप कमी होतो.

९६ किलोहर्ट्झचा तुम्हाला काही उपयोग नाही. बोलणं ओळखणारी बहुतेक मॉडेलं १६ किलोहर्ट्झ, मोनो म्हणजे एकाच चॅनेलचा आवाज घेतात. ओपनएआयचं व्हिस्परसुद्धा आलेला आवाज आधी १६ किलोहर्ट्झवर उतरवतं. या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मॉडेलपर्यंत पोचत नाही. त्याखालचा पट्टा मात्र स्वच्छ हवा, कारण स, श, च, छ यांना वेगळं करणारी बरीचशी सळसळ ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते.

घेताना तीन गोष्टी बघा: माईकची दांडी वाकवली तिथेच राहते का, फोमची टोपी बदलता येते का, आणि माईक दूरचा गोंगाट कमी घेणारा, दोन्ही बाजूंनी उघडा आहे का. अशा माईकवर बोलायच्या बाजूला ठिपका किंवा खूण असेल, तर ती ओठांकडेच हवी. दांडी फिरली की तुमचाच आवाज पातळ येतो.

जागा अशी ठरवा: तळहात तोंडासमोर धरून ‘फळ’, ‘भात’, ‘खांब’ म्हणा. जिथे झोत लागतो तिथे माईक नको. ओठांच्या कोपऱ्यापासून बोटभर बाजूला, जरा खाली, नाकाच्या श्वासातही येणार नाही असा ठेवा. जागा सापडली की दांडी पुन्हा हलवू नका. रोज अंतर बदललं तर पातळीही रोज बदलते.

तारजोड
वरच्या उत्तराशी सहमत. ब्लूटूथ का नको, तेवढं सांगतो. गाणी ऐकताना ब्लूटूथ जो मार्ग वापरतो, तो एकेरी असतो. माईक चालू झाला की जोडणी फोनवर बोलण्याच्या मार्गावर जाते. जुन्या सीव्हीएसडी पद्धतीत ती ८ किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. ‘स’ आणि ‘फ’ एकसारखे वाटायला लागतात ते इथेच. एमएसबीसी ही नंतरची पद्धत असेल तर १६ किलोहर्ट्झ मिळतात, पण आवाज तरीही दाबलेलाच येतो. माईक सुरू करताच कानातलं गाणं एकदम टेलिफोनसारखं झालं, तर मार्ग बदलला असं समजा.

दुसरं, नवा माईक घेण्याआधी लॅपटॉपमधलं ‘नॉइज सप्रेशन’ (गोंगाट दाबणारी सोय) आणि आवाजाची ‘एन्हान्समेंट्स’ बंद करून बघा. तुमचं ‘आहे’ घुमण्याने जात असेल, तसं यानेही जात असेल. २० सेकंद बोलून ध्वनिमुद्रण करा, ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि दोन शब्दांमधली जागा मोठी करून बघा. पंखा चालू असताना तिथे बारीक खरखरीत रेघ दिसायलाच हवी. अगदी सपाट सरळ रेघ दिसली, तर यंत्रणा शांतता कापते आहे आणि हळू बोललेली अक्षरंही त्याच कात्रीत सापडताहेत.

शांतस्वर
हेडसेट दिवसभर डोक्यावर सहन होत नसेल तर डायनॅमिक माईकचाही विचार करा. स्टँडच्या हातावर लावून ५ ते ८ सेंमीवर, तिरका. तो जवळून बोलल्यावरच नीट उचलतो. पण त्याचा आवाज मुळात क्षीण असतो: शुअरच्या एसएम७बी माईकला सुमारे ६० डेसिबल स्वच्छ वाढ लागते. हलक्या ऑडिओ इंटरफेसवर (माईक संगणकाला जोडायच्या पेटीवर) तेवढी वाढ केली की सरसर ऐकू येते. शिवाय हृदयाकार झेल असलेल्या, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या (कार्डिऑइड) माईकला अगदी चिकटून बोललात तर खर्ज फुगतो. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापणारं बटण असेल तर ते लावून ठेवा.

ध्वनिवेध
@शांतस्वर, डायनॅमिक चांगलाच, पण पाच तास मान एकाच जागी ठेवून कोणी बोलत नाही. कागद बघायला मान वळली की ८ सेंमीचे २० होतात. लिहिण्याच्या कामाला मी हेडसेटच सांगेन.

लेखणीबंद
सप्रेशन बंद केलं, फरक पडला! सपाट रेघ खरंच दिसत होती. ‘आहे’ बरंच परतलं, हेडसेटही मागवतो. आणखी एक अडचण: उसना मिळालेला तीन पिनी एक्सएलआर डायनॅमिक माईक ३.५ मिमीच्या वायरने हातातल्या रेकॉर्डरला जोडला. हेडफोनवर आवाज स्वच्छ, दोन्ही चॅनेलवर लाटा भरपूर, पण फाइल ओळखीला दिली की जवळजवळ काहीच उमटत नाही. माईक बिघडलाय का?

तारजोड
माईक ठीक आहे, वायर चुकीची आहे. एक्सएलआरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांवर एकच आवाज एकमेकांच्या उलट येतो. तुमच्या वायरने २ नंबर डाव्या चॅनेलला आणि ३ नंबर उजव्याला दिलेला आहे. मोठं करून बघा: डावी लाट वर जाते तिथे उजवी खाली जाते. ओळखणारी प्रणाली दोन्ही मिसळून मोनो करते आणि बेरीज जवळपास शून्य येते. कानांत वेगवेगळे ऐकताना हे कळत नाही.

झालेली ध्वनिमुद्रणं वाया गेली नाहीत. स्टिरिओ ट्रॅक दोन भागांत तोडा, उजवा काढून टाका, डावा मोनो करून १६ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह फाइलमध्ये काढा. मिनिटाला १.९२ एमबी जागा लागेल. पुढे वापरायच्या वायरीत २ नंबरची पिन प्लगच्या टोकाला आणि मधल्या कड्याला, दोन्हींना जोडा. १ आणि ३ नंबरच्या पिना बुंध्याला.

पातळी लावताना सगळ्यात जोरात बोललेला शब्द –१२ ते –६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. शून्याला टेकला की लाटेचे माथे कापले जातात आणि नंतर आवाज कमी केला तरी ते परत येत नाहीत. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबत असेल, तर दोष विजेच्या जोडणीत शोधा.

अक्षरमोजणी
हेडसेट आला की कानाने ठरवू नका, मोजा. कामातलाच २०० शब्दांचा उतारा घ्या, त्यात नकार, आकडे आणि नेहमी लागणारी नावं असू द्या. तोच उतारा दोन्ही माईकवर, पंखा चालू ठेवून, नेहमीच्या वेगाने वाचा. मूळ मजकुराशी ताडून बदललेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजा. समजा ६ बदलले, ३ गळले, १ जास्तीचा आला, तर १० भागिले २००, म्हणजे ५ टक्के चूक. प्रत्येक माईकवर तीनदा करा, कारण एकाच वाचनातला एक-दोन टक्क्यांचा फरक निव्वळ वाचण्यातलाही असू शकतो. ‘आहे’च्या जागी ‘नाही’ आलं तर टक्केवारीत ती एकच चूक धरली जाते, म्हणून नकार आणि आकड्यांच्या चुका वेगळ्या रकान्यात लिहा.