चौपाटीचं पाणी टाकीत नको

घरच्या प्रवाळांच्या टाकीसाठी (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) "मुंबईला जातोच आहे, समुद्राचं पाणी दोन कॅन चौपाटीवरून भरून आणतो" असं इथे एकाने लिहिलंय, म्हणून सांगतो. किनाऱ्यावरचं नको, खाडीचं तर मुळीच नको. मी एकदा जुलैत कॅन घेऊन कसारा घाट चढलो. नाशकात रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) लावला तर क्षारता हजारी जेमतेम २४! प्रवाळांना ३५ च्या आसपास लागते. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्यालगत वरवर पसरतं, मग दुसरं काय होणार? शिवाय बंद कॅनमधले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मरून कुजकट वास सुटलेला. आणायचंच तर हिवाळ्यात, भरतीला, होडीतून आत जाऊन. गाळा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा, कुजण्यातून होणारा अमोनिया चाचणीत शून्य दिसला की मगच टाकीत. मी आता आरओच्या पाण्यात मीठच कालवतो. रीफ सॉल्ट हं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचं खास मीठ, स्वयंपाकातलं नव्हे!