मदत हवी आहे : धाकटा भाऊ रेसिडेन्सीत पार थकून गेलाय

नमस्कार. माझा धाकटा भाऊ एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात काम करणारा रेसिडेंट डॉक्टर. परवा ३६ तासांची ड्युटी करून घरी आला. आईनं वरणभात वाढला, तर घास हातात तसाच धरून ताटावरच झोपला. पण झोपेपेक्षा मला वेगळीच काळजी लागली आहे. पूर्वी तो पेशंटबद्दल भरभरून बोलायचा, आता "बेड चौदा गेला" एवढंच म्हणतो आणि मोबाइल चार्जिंगला लावतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्याची) तीन लक्षणं सांगितली : शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही त्याच्यात दिसतात. "योगा कर" असं सांगणाऱ्यांना हात जोडते. त्याला आधी झोप हवी आहे. १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात ड्युटी दिवसाला साधारण १२ तासांपर्यंतच आहे, २०२३ च्या पीजी (पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या) नियमांत आठवड्याची सुट्टी आहे. वॉर्डात माणसंच कमी, तर सुट्टी मागायची कुणाकडे?

इथे रेसिडेन्सी केलेले कुणी असाल तर कृपया सांगा. एचओडींशी (विभागप्रमुखांशी) बोलताना सुरुवात कशी केलीत? 'मार्ड'कडे (निवासी डॉक्टरांच्या संघटनेकडे) गेल्यावर पुढे त्रास होतो का? त्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला तो तयार नाही, सगळे ओळखीचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणी डॉक्टरनं फोन केलाय का? आणि तो घरी असतो त्या चार-पाच तासांत आम्ही नेमकं काय करावं?